'तेच आहे' म्हणून दिलेले इन्सुलिन

औषधांच्या दुकानात रोज घडणारा एक प्रसंग आहे. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करते, दुकानदार फ्रिज उघडून पाहतो आणि म्हणतो, "हे आज नाही, पण हे घेऊन जा, तेच आहे." तापाच्या किंवा पित्ताच्या गोळीच्या बाबतीत हे म्हणणे पुष्कळदा खरेही असते. परंतु इन्सुलिनच्या बाबतीत, आणि त्यातही रात्रंदिवस शरीरात संथपणे काम करीत राहणाऱ्या दीर्घकालीन इन्सुलिनच्या बाबतीत, 'तेच आहे' हे दोन शब्द किती धोक्याचे ठरू शकतात याची जाणीव विकणाऱ्याला नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. खेदाने म्हणावे लागते की, लिहून देणाऱ्याला ती नेहमी असतेच असेही नाही.

हा विषय आताच मांडण्यास कारण आहे. डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क या कंपनीने 'लेव्हेमिर' या नावाने विकले जाणारे आपले डेटेमिर इन्सुलिन अमेरिकेत बंद करीत असल्याचे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केले. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सरकारी दवाखान्यांत मानवी इन्सुलिनची पेने मिळेनाशी झाली आणि तेथील रुग्णांना पुन्हा बाटली आणि सिरिंज यांच्याकडे वळावे लागले. २०२५ मध्ये त्याच कंपनीने भारतातही मानवी इन्सुलिनची पेनमध्ये घालावयाची कार्ट्रिजेस टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. बाटल्या मात्र चालू राहतील असे सांगण्यात आले. एका दाराने जुनी इन्सुलिने अशी बाहेर पडत असताना दुसऱ्या दाराने नवी आत येत आहेत. आठवड्यातून एकदाच टोचून घ्यावयाच्या आयकोडेक इन्सुलिनला युरोपीय संघाने २०२४ मध्ये मान्यता दिली. याचा अर्थ असा की, वर्षानुवर्षे एकच इन्सुलिन घेत आलेल्या असंख्य रुग्णांना, त्यांची इच्छा असो वा नसो, ते बदलावे लागणार आहे. बदल अटळ असेल, तर तो कसा व्हावा आणि त्याचा भार कोणी वाहावा, हा सार्वजनिक प्रश्न ठरतो. ती केवळ डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातली खाजगी बाब उरत नाही.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. शेजारच्या गोव्यात तर हे प्रमाण प्रौढांच्या २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. या सर्वांना इन्सुलिन लागत नाही हे खरे. पण ज्यांना लागते त्यांची संख्याही थोडीथोडकी नाही, आणि त्यांतील बहुसंख्य लोक मोठ्या शहरांतील मधुमेहतज्ज्ञांच्या नजरेखाली नाहीत, हे सांगावयास पाहणीची गरज नाही.

पायाभूत इन्सुलिनचे कार्य

माणूस जेवतो तेव्हाच त्याला इन्सुलिन लागते, हा समज अपुरा आहे. पोट रिकामे असताना, झोपेत असतानासुद्धा यकृत रक्तात साखर सोडीत असते, कारण मेंदूला तिचा अखंड पुरवठा लागतो. ही सोडणूक मर्यादेत ठेवण्यासाठी निरोगी माणसाचे स्वादुपिंड चोवीस तास थोडे थोडे इन्सुलिन झिरपवीत असते. जेवणानंतरची वाढीव मात्रा निराळी आणि ही सततची मंद धार निराळी. ज्याचे स्वादुपिंड थकले आहे त्याला ही धार बाहेरून पुरवावी लागते. तिलाच वैद्यकात 'बेसल' म्हणजे पायाभूत इन्सुलिन म्हणतात. पाया म्हणण्याचे कारण उघड आहे. तो डळमळला की वरची सारी मांडणी, म्हणजे जेवणाच्या वेळचे इन्सुलिन, गोळ्या, पथ्य आणि फिरणे, कोलमडते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलात तर पायाभूत इन्सुलिनचा खंड एक-दोन दिवसांतच रक्त आम्लधर्मी होऊन प्राणावर बेतण्यास पुरेसा होतो.

ही धार कृत्रिम रीतीने निर्माण करण्याचा खटाटोप जवळजवळ एका शतकाचा आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरंटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले गेले. बँटिंग, बेस्ट आणि कोलिप यांनी त्याचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला टोरंटो विद्यापीठाला देऊन टाकले. ते इन्सुलिन थोडे तासच टिके, त्यामुळे दिवसातून अनेकदा सुई टोचावी लागे आणि रात्रीही सुटका नसे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी माशांपासून मिळणारे प्रोटामिन हे प्रथिन त्यात मिसळून ते सावकाश शोषले जाईल अशी व्यवस्था केली. त्याच प्रयोगशाळेतून १९४६ मध्ये एनपीएच इन्सुलिन निघाले. आजही आपल्या सरकारी दवाखान्यांतून मिळणारे, बाटली हातात घोळवून घ्यावे लागणारे दुधाळ इन्सुलिन ते हेच. २००० मध्ये ग्लार्जिन आले, २००४ मध्ये युरोपात डेटेमिर आणि २०१३ मध्ये डेग्लुडेक.

या सर्वांचे ध्येय एक असले, तरी मार्ग भिन्न आहेत. एनपीएच त्वचेखाली हळूहळू विरघळते. त्याचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतो आणि मग ओसरतो. ग्लार्जिन बाटलीत आम्लधर्मी आणि स्वच्छ असते. शरीरात शिरताच त्याचे सूक्ष्म कण साकळतात आणि तेथून ते चोवीस तासांपर्यंत बहुतांशी सपाट गतीने पाझरते. डेटेमिर रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून राहते. डेग्लुडेकचे रेणू त्वचेखाली लांब साखळ्या बनवितात आणि त्याचा प्रभाव ४२ तासांपेक्षाही अधिक टिकतो. एक युनिट हे सर्वत्र एकच युनिट म्हणून मोजले जात असले, तरी ते युनिट दिवसाच्या कोणत्या प्रहरी काम करील हे इन्सुलिनच्या जातीवर ठरते. 'तेच आहे' या शब्दांतील चूक नेमकी येथे आहे.

आकडा तोच, परिणाम निराळा

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी राहणारे, सत्तरीकडे झुकलेले एक निवृत्त शिक्षक डोळ्यांपुढे आणावेत. ते सकाळी १४ आणि रात्री १० असे दिवसाचे २४ युनिट एनपीएच घेत आहेत. मुलगा शहरात नोकरीला आहे. तो वडिलांना एका डॉक्टरांकडे नेतो आणि दिवसातून एकदाच घ्यावयाचे ग्लार्जिन सुरू होते. चोविसाचे चोवीसच, रात्री झोपताना. हिशेब सरळ वाटतो. पण दोन वेळच्या एनपीएचवरून एक वेळच्या ग्लार्जिनवर येताना सुरुवातीची एकूण मात्रा २० टक्क्यांनी कमी करावी, म्हणजे २४ ऐवजी १९ च्या आसपास ठेवावी, असा संकेत आहे. तो पाळला गेला नाही, त्यात गुरुवारचा उपास आला, रात्री भगर आणि ताक एवढ्यावर भागले. तर पहाटे तीनच्या सुमारास अंगाला घाम फुटून, जीभ जड होऊन, घरातल्या माणसांना ओळखेनासे होण्याची पाळी येऊ शकते. त्यांच्या वृद्ध पत्नीला हा अर्धांगाचा झटका वाटेल. चमचाभर साखर तोंडात घालण्याऐवजी ती शेजाऱ्यांना हाका मारीत बसेल.

याहून साधी आणि याहून घातक चूक म्हणजे जुनी बाटली फ्रिजमध्ये किंवा माठाजवळ तशीच राहणे. नवे इन्सुलिन हे जुन्याच्या 'ऐवजी' आहे की जुन्याच्या 'जोडीला' आहे, हे कोणी स्पष्ट सांगितलेले नसते. दोन्ही चालू राहतात. रुग्णाला वाटते, डॉक्टरांनी ताकद वाढविली.

अशा संकेतांची यादी मोठी नाही. एक वेळच्या एनपीएचवरून एक वेळच्या ग्लार्जिनवर जाताना मात्रा तीच ठेवता येते. नेहमीच्या ग्लार्जिनवरून तिप्पट तीव्रतेच्या ग्लार्जिनवर जाताना सुरुवात त्याच आकड्याने होते, पण पुढे थोडी अधिक मात्रा लागण्याचा संभव असतो; उलट दिशेने येताना मात्र २० टक्के कमी करावी लागते. डेग्लुडेकवर जाताना प्रौढांमध्ये सामान्यतः तोच आकडा चालतो, मुलांमध्ये तो कमी करतात. साप्ताहिक आयकोडेकमध्ये रोजच्या मात्रेची सातपट एकदम द्यावयाची असते आणि पहिल्या खेपेपुरती तिच्यात निम्मी भर घालता येते. ते इन्सुलिन कोणी सवयीने दुसऱ्या दिवशीही टोचून घेतले तर काय होईल, याची कल्पना करवत नाही. हे सारे आकडे केवळ प्रारंभबिंदू आहेत. मूत्रपिंड दुबळे असलेला वृद्ध, गर्भवती, वारंवार साखर उतरणारा रुग्ण यांचा हिशेब त्यांच्या डॉक्टरांनीच मांडावयाचा असतो. वृत्तपत्र वाचून कोणी आपली मात्रा बदलू नये.

बदलानंतरचे दिवस बदलाइतकेच महत्त्वाचे आहेत. डेग्लुडेकचा शरीरातील साठा स्थिर होण्यास तीन-चार दिवस लागतात, तीव्र ग्लार्जिनला निदान पाच. या मधल्या काळात सकाळची साखर चढलेली दिसते आणि रुग्ण धास्तावतो. तो रोज दोन-दोन युनिट वाढवितो, आणि आठवड्याच्या अखेरीस ही सारी वाढ एकवटून अंगावर येते. म्हणून मात्रा वाढविण्याची घाई करू नये, हे सांगण्यासाठी कोणीतरी दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला असावे लागते. तेथे कोणीच नसते, हे आपल्या व्यवस्थेचे खरे दुखणे आहे.

सिरिंजचे दुहेरी राज्य

या गोंधळात भारतीय बाजाराने स्वतःची एक भर घातली आहे. आपल्याकडे मानवी इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तर पेनची कार्ट्रिजेस आणि अनेक नव्या इन्सुलिनच्या बाटल्या १०० युनिटांच्या असतात. दोन्हींसाठी सिरिंजही वेगळ्या: चाळिसाची लाल टोपणाची, शंभराची नारिंगी टोपणाची. चाळिसाच्या सिरिंजने शंभराच्या बाटलीतून वीस रेघांपर्यंत इन्सुलिन ओढले, तर वीसच्या जागी पन्नास युनिट अंगात जातात. शंभराच्या सिरिंजने चाळिसाच्या बाटलीतून तेवढेच ओढले, तर वीसच्या जागी आठच. पहिल्या चुकीने माणूस बेशुद्ध पडतो. दुसरीने साखर आठवडेच्या आठवडे चढत राहते आणि पथ्य न पाळल्याचा दोष रुग्णाच्या माथी येतो.

पेन हाती असलेल्या रुग्णाला हा भेद ठाऊक असण्याचे कारण नाही. पेनवर फक्त आकडा फिरवावयाचा असतो. पेनची कार्ट्रिजेस बंद होऊन तो बाटलीकडे वळतो, तेव्हा आयुष्यात प्रथमच तो या दुहेरी राज्यात पाऊल ठेवतो. इन्सुलिनचे नाव तेच, युनिटेही तीच. पण सिरिंज चुकली की सारे चुकले. कंपनीच्या दृष्टीने वेष्टनातला फेरफार असलेली ही गोष्ट रुग्णाच्या दृष्टीने नवे शिक्षण आहे. ब्रिटनने १९८३ मध्ये सर्व इन्सुलिन शंभराच्या एकाच प्रमाणावर आणले. त्यानंतर चार दशके लोटली, तरी आपण दोन प्रमाणांचा संसार चालवीत आहोत.

बदल कशासाठी?

आता दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. इन्सुलिन बदलूच नये, असे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही. ज्याची साखर रात्री वारंवार उतरते त्याने एनपीएच सोडून सपाट गतीचे इन्सुलिन घ्यावे, याला आधार आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डिव्होट' या चाचणीत ७,६३७ रुग्णांची पाहणी झाली. ग्लार्जिनच्या तुलनेत डेग्लुडेक घेणाऱ्यांत साखर गंभीर प्रमाणात उतरण्याचे प्रसंग ४० टक्क्यांनी कमी आढळले. ज्या घरात अशी एक रात्र काढली गेली आहे, त्या घराला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पण नवे ते सर्वांनाच हितकर आणि जुने ते टाकाऊ, हा निष्कर्षही तितकाच घाईचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर उतरून रुग्णालयात यावे लागण्याच्या बाबतीत नव्या दीर्घकालीन इन्सुलिनने एनपीएचपेक्षा लाभ झाल्याचे त्यात दिसले नाही. २०१९ मधील दुसऱ्या अभ्यासात एका विमा-योजनेने आपल्या वृद्ध सभासदांना महागड्या इन्सुलिनवरून पद्धतशीरपणे स्वस्त मानवी इन्सुलिनवर आणले होते. तीन महिन्यांची सरासरी साखर त्यामुळे केवळ ०.१४ टक्क्याने वाढली आणि साखर गंभीर प्रमाणात उतरण्याच्या प्रसंगांत लक्षणीय वाढ झाली नाही. येथे 'पद्धतशीरपणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याला महाग पेन परवडत नाही म्हणून जो महिन्यातून दहा दिवस इन्सुलिनच घेत नाही, त्याच्यासाठी नियमित घेतलेले एनपीएच हेच श्रेष्ठ इन्सुलिन होय. किमतीसाठी केलेला बदल लाजिरवाणा नाही. चोरट्या पावलांनी, न सांगता आणि न शिकविता केलेला बदल मात्र लाजिरवाणा आहे.

एकाच इन्सुलिनच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या आवृत्त्यांचा प्रश्न आणखी निराळा. मुंबईच्या वोक्हार्टने २००३ मध्ये आणि बंगळुरूच्या बायोकॉनने २००४ मध्ये जनुकीय तंत्राने बनविलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. बायोकॉनचे ग्लार्जिन २००९ मध्ये आले. त्याच कंपनीने बनविलेल्या ग्लार्जिनला २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूळ ग्लार्जिनशी अदलाबदल करता येण्याजोगे म्हणून मान्यता दिली. इन्सुलिनमध्ये असा दर्जा मिळालेले ते पहिलेच. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने तर २०१९ मध्ये मूळ ग्लार्जिन घेणाऱ्यांना समतुल्य स्वस्त ग्लार्जिनवर आणण्याचे धोरण जाहीर केले. पण तेथे आधी घोषणा झाली, डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना कळविले गेले, सहा महिन्यांची मुदत दिली गेली आणि वैद्यकीय कारण असल्यास अपवादाची सोय ठेवली गेली. स्वदेशी आणि स्वस्त इन्सुलिनला आमचा विरोध नाही. उलट त्याचे स्वागतच आहे. मात्र त्या प्रांताने आपल्या नागरिकांना जी मुदत आणि जी माहिती दिली, ती आपल्या रुग्णांनाही मिळाली पाहिजे.

एक जुना धडा

इतिहासातही याचा एक धडा आहे. १९८२ पासून गाईच्या व डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनची जागा मानवी इन्सुलिन घेऊ लागले. काही वर्षांतच ब्रिटनमधील रुग्ण सांगू लागले की, साखर उतरण्यापूर्वी पूर्वी जो घाम येई, जी थरथर जाणवे, ती नव्या इन्सुलिनवर जाणवत नाही. १९८७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात स्विस डॉक्टरांनी हीच तक्रार मांडली. ब्रिटिश डायबेटिक असोसिएशनकडे रुग्णांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. पुढे झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दोन्ही इन्सुलिनमध्ये महत्त्वाचा फरक आढळला नाही, हे सांगितलेच पाहिजे. परंतु शास्त्राचा निकाल काहीही असो, हजारो माणसांचे इन्सुलिन एकदम बदलले गेले तेव्हा त्यांना पुरेसे विचारले गेले नाही आणि त्यांनी सांगितलेले बराच काळ मनावर घेतले गेले नाही, हा सल राहिलाच. रुग्णाची तक्रार ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. पण पुरावा शोधण्याची सुरुवात तिथूनच होते.

काय व्हावयास हवे

तेव्हा उपाय कोणते? पहिला कायद्याचा. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ अन्वये अनुसूचित औषध बंद करू इच्छिणाऱ्या कंपनीने किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावयाची असते आणि शासनासही कळवावयाचे असते. जनहितासाठी शासन तिला एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवण्यास सांगू शकते. तरतूद चांगली आहे. पण सूचना वृत्तपत्राच्या कोपऱ्यात छापली गेली म्हणजे ती वाशीमच्या किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला पोचली असे होत नाही. ती सूचना बंद होणाऱ्या औषधाच्या खोक्यावरच, मराठीत आणि प्रत्येक राज्याच्या भाषेत छापली जावी. पर्यायी इन्सुलिन कोणते, मात्रेचा प्रारंभ कसा करावा, सिरिंज कोणती लागेल, हे डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना कळविण्याची जबाबदारी कंपनीवर असावी. बदलाचा लाभ ज्याला होतो, त्याने बदलाचा खर्च सोसावा, हा साधा न्याय आहे.

दुसरा उपाय चिठ्ठीचा. इन्सुलिनच्या चिठ्ठीवर केवळ नाव आणि आकडा असू नये. जात, कंपनीचे नाव, तीव्रता, सिरिंज किंवा पेन, वेळ, आणि 'जुने बंद' किंवा 'जुने चालू' हे शब्द स्पष्ट अक्षरांत असावेत. यास अर्धा मिनिट लागतो. बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसे उभी असताना एवढा वेळ कोठून आणावा, असा आक्षेप घेतला जाईल. त्यावर उत्तर एवढेच की, साखर उतरून बेशुद्ध झालेला रुग्ण त्याच रुग्णालयाच्या दारात मध्यरात्री येतो, तेव्हा अर्ध्या मिनिटावर भागत नाही.

तिसरा उपाय पाठपुराव्याचा. बदलानंतर पहिले दोन आठवडे कोणीतरी रुग्णाची विचारपूस केली पाहिजे. सकाळची साखर किती, एखाद्या रात्री तीन वाजता तपासली का, घाम किंवा थरथर आली का, घरात साखर किंवा ग्लुकोज हाताशी आहे का, हे प्रश्न विचारण्यास तज्ज्ञ लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती पुरेशी आहे. सरकारी दवाखान्यांतून इन्सुलिन मिळते. त्याच्याबरोबर साखर तपासण्याच्या पट्ट्याही मिळाल्या पाहिजेत. पट्टीवाचून इन्सुलिन बदलणे म्हणजे कंदिलावाचून अनोळखी घाट उतरणे होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दीर्घकालीन नवी इन्सुलिने अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली; आपल्या राष्ट्रीय यादीत २०२२ मध्ये ग्लार्जिनचा समावेश झाला. यादीत नाव आले, हे पहिले पाऊल झाले. ते औषध सुरक्षितपणे अंगात जाईल अशी व्यवस्था उभारणे, हे दुसरे पाऊल अद्याप टाकावयाचे आहे.

चौथा उपाय ४० आणि १०० या दुहेरी प्रमाणाचा शेवट करणे. तो एका रात्रीत होणार नाही; स्वस्त बाटल्यांचे कारखाने, सिरिंजचे साठे, लाखो लोकांची सवय यांचा विचार करून काही वर्षांचा कार्यक्रम आखावा लागेल. पण तो आखण्यास आरंभ तरी झाला पाहिजे. अन्यथा पेनकडून बाटलीकडे आणि बाटलीकडून पेनकडे होणाऱ्या प्रत्येक स्थलांतरात हा धोका दबा धरून बसलेला राहील.

इतक्या धोक्यांची चर्चा केल्याने आधीच इन्सुलिनला भिणारी माणसे अधिक बिथरतील, अशी शंका काही डॉक्टर काढतील. ती निराधार नाही. २००९ मध्ये ग्लार्जिनचा कर्करोगाशी संबंध असल्याची शंका पसरली आणि पुष्कळ रुग्ण घाबरले. पुढे २०१२ मध्ये बारा हजारांवर रुग्णांच्या दीर्घ चाचणीने ती शंका फेटाळली. म्हणून येथे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे की, इन्सुलिन तारक आहे. धोका त्याच्यात नाही, ते देण्याच्या निष्काळजी रीतीत आहे. माहिती दडवून निर्माण केलेला विश्वास पहिल्या अपघातासरशी मोडतो. सांगून निर्माण केलेला विश्वास टिकतो.

रुग्णालाही काही कर्तव्ये आहेत. आपले इन्सुलिन कोणते, त्याची तीव्रता किती, सिरिंज कोणत्या रंगाच्या टोपणाची, हे एका कागदावर लिहून तो कागद पाकिटात ठेवणे प्रत्येकाला शक्य आहे. लिहिता येत नसेल तर रिकामे खोके दुकानात घेऊन जावे. दुकानदाराने निराळे काही पुढे केले, तर ते घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि विचारणे होईपर्यंत इन्सुलिन बंद मात्र पडू देऊ नये. घरातील दुसऱ्या एका माणसाला साखर उतरल्याची लक्षणे आणि त्यावरचा उपाय, म्हणजे शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजणे आणि शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब दवाखाना गाठणे, हे शिकवून ठेवावे.

बाकीचे कर्तव्य मात्र रुग्णाचे नाही. कंपनीच्या ताळेबंदात एखादे इन्सुलिन तोट्याचे ठरले, सरकारी निविदा दुसऱ्या पुरवठादाराला मिळाली किंवा नवे औषध अधिक नफ्याचे निघाले, तर यांपैकी कोणताही निर्णय त्या निवृत्त शिक्षकाने घेतलेला नसतो. त्याच्या घरी पोचते ती फक्त नवी बाटली. तिच्याबरोबर एक समजावणारा माणूस आणि दोन आठवड्यांची देखरेख पोचविणे, हे शासनाला, कंपन्यांना आणि वैद्यकीय व्यवसायाला अशक्य नाही. ते जोवर होत नाही, तोवर 'तेच आहे' असे कोणालाही म्हणता येणार नाही.